वाळूवरची तीन घमेली

लहानपणी आमच्या टीव्हीला कॅसेट लावून खेळायचा एक गेम होता. जाड ठोकळ्यांचं चित्र, टुंग टुंग आवाज, आणि उड्या मारत सुटलेला एक माणूस. तसाच गेम मी दोन वर्षं घरी बसून एकटीने बनवला, फक्त वेग तिप्पट. माझ्या गेममध्ये एक पोरगी जंगलातून पळते. पुढे ओंडके, खड्डे, वारुळं. मागे वाघ. थांबली की मेली.

पहिल्यांदा खेळायला दिला तो बाबांना. बाबा तीस वर्षं जंगलात वनमजूर होते. वाघ आला रे आला की त्यांनी हात बटणावरून काढून घेतला आणि पोरगी उभी! वाघाने खाल्ली. परत दिला, परत तेच. पाच वेळा.

"बाबा, पळा ना! उभे काऊन राह्यले?"

"वाघ दिसल्यावर पळाचं रायते का पोरी? उभं राहाचं, त्याच्याकडं पाहाचं. पळालं का मेलं." सहाव्यांदा मेल्यावर त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तुया वाघच खोटा हाय."

मी हसून हसून लोळले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि असं हसणं क्वचितच व्हायचं.

नंतर नागपूरच्या एका छोट्या गेम कंपनीचा फोन आला. शनिवारी या, आमच्यासमोर खेळून दाखवा, आवडला तर नोकरी. बाप्पा, मला तर अंगणात नाचावंसं वाटलं! चंद्रपूरला कॉलेज करून मी घरी परतले त्याला चार वर्षं झाली होती. सकाळी स्वयंपाक, दुपारी लॅपटॉप, संध्याकाळी "लग्नाचं काय" म्हणून विचारायला आलेल्या बायका. हा शनिवार गेला तर दुसरा येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

आणि नेमकं तेव्हाच गावाशेजारी वाघाने बैल मारला. चार दिवस सगळे घरात कोंडलेले. मंगळवारी वनविभागाने तो पिंजऱ्यात धरून नेला. बायांनी टोपल्या काढल्या, कारण मोहफुलांचा सडा पडत होता आणि मोह काही कुणासाठी थांबत नाही. पण बुधवारी सकाळी बाबा नाल्याकडून आले आणि म्हणाले, "दुसरा हाय. मादी हाय. पिल्लं बी असतीन."

वाळूत उमटलेल्या तीन पावलांवर त्यांनी घमेली पालथी घातली होती, वर दगड. आमच्याकडे तशीच रीत आहे. साहेब लोक येऊन माप घेईपर्यंत पाऊल वाऱ्याने, गुरांनी मोडू नये म्हणून झाकतात. बाबांनी झाकलं म्हणजे संपलं, त्यांच्या शब्दावर गावात कुणी शंका घेत नसे. साहेब वणवा विझवायला दूर गेलेत, शनिवारनंतर येतील, असंही तेच म्हणाले.

टोपल्या परत आत गेल्या. एसटीचा फाटा दोन किलोमीटरवर, मधे सगळं जंगल. मोटरसायकलवाल्यांच्या मी हातापाया पडले. एकही तयार होईना. मी खिडकीचे गज धरून बसायचे आणि बाहेर फुलं सडत असल्याचा तो गोड वास यायचा. जीव नुसता घुसमटायचा. चिडून मी भांडी आपटायचे. बाबा ती उचलून परत मांडणीवर ठेवायचे.

गेमच्या सुरुवातीला वाघाचं पाऊल दाखवायचं होतं. मी काढलेलं मांजराचं वाटायचं. मनात म्हटलं, जाता येत नाही तर निदान खऱ्या पावलाचा फोटो तरी घेऊ. शुक्रवारी दुपारी बाबांचा डोळा लागला तशी काठी घेऊन निघाले. नाला पाचशे पावलांवर असेल. पान वाजलं तरी मी काठी उगारायचे.

पहिलं घमेलं उचललं. खाली साफ वाळू. दुसरं उचललं. वाळूच. तिसऱ्याखाली चपलेची टाच उमटली होती, बाबांच्या.

घरी आले तेव्हा ते उठून बसले होते. माझ्या तोंडाकडे पाहूनच समजले.

"तू गेलीस का वापस येत नाईस," ते म्हणाले. "मी इथी एकटा काय करू?" आणि मग हळूच, "उद्याचा दिवस जाऊ दे फक्त. परवा मीच उचलतो घमेले."

मला रडू आलं आणि संतापही. एका माझ्यासाठी त्यांनी सगळं गाव कोंडलं होतं! मी तशीच शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांचं अर्धं वर्ष मोहावर चालतं.

"काकू, मोह वेचाले जा. वाघ नाई हाय."

"तुया बाबांनी सांगतलं का?"

हो म्हणायला काय जात होतं? मादी पिल्लं घेऊन पलीकडे गेली, बाबांनीच पाहिलं, एवढं म्हटलं असतं तर त्यांचा मान राहिला असता आणि मलाही जाता आलं असतं. हे सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. मी म्हणाले, "घमेली उचलून पाहा."

तासाभरात सगळं गाव नाल्यावर. शनिवारी काकूंच्याच मुलाने मला फाट्यावर सोडलं. गेम आवडला. नोकरी लागली.

मी दर रविवारी फोन करते. गेल्या रविवारी बाबा भाजी काय केली, कौलं कुठे फुटली वगैरे सांगत होते. बोलता बोलता म्हणाले, "काल नाल्यात पाऊल दिसलं. मोठं हाय. ताजं."

"खरंच?" माझ्या तोंडून निघून गेलं. मग मीच घाईघाईने म्हटलं, "गावात सांगितलं ना बाबा?"

"कोनाले सांगू?" त्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते. मला एकही नाव सांगता येईना.