तीन टिंबं

सकाळी खोलीत आले तर फळा स्वच्छ पुसलेला, पण त्याच्या कोपऱ्यात मी काढलेलं झाड तसंच होतं. आम्ही गणितवाले झाड उलटं काढतो, मूळ वर आणि फांद्या खाली. तीन पातळ्या झाल्या की खाली 'पुढे असंच' या अर्थाची तीन टिंबं देऊन थांबतो.

काल वैतागून मीच विभागाची साफसफाई करणाऱ्या शांतामावशींना सांगितलं होतं, "सगळं पुसून टाका, मी सोडलं हे."

"मावशी, हे का ठेवलंत?"

"खाली टिंबं होती ना. म्हटलं, बाईंचं अजून चाललंय."

फांद्यांची अदलाबदल करणारे गट, म्हणजे अशा हालचालींचे संच, हा माझा विषय. अख्खं अनंत झाड कुणालाच दिसत नाही. हाती लागते ती एकेका पातळीवरची अदलाबदल. पण प्रत्येक पातळी वरच्या पातळीशी जुळत गेली, की तेवढ्यातून साऱ्या झाडाची एक हालचाल उभी राहते, कधीकधी मूळ गटात नसलेलीसुद्धा. अशा सगळ्या हालचाली सामावून घेतल्या की गटाची पूर्ती होते.

नऊ वर्षं मावशींनी मला रोज दोन मिनिटंच पाहिलंय. माझं गणित त्यांना ठाऊक नाही. पण कालचं माझं 'मी सोडलं हे' आधीच्या कुठल्याच दिवसाशी जुळेना, म्हणून त्यांनी ते मानलंच नाही.

मी चौथी पातळी काढली. खाली, मावशींना दिसतील अशी, तीन टिंबं ठेवली.