बिनमाणसाचा रस्ता

अहमदपूरच्या पेठेत शरणप्पा हलगे यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, घमेली, टिकाव, बादल्या. दिवसभर पत्र्यावर पत्रा आदळायचा आणि त्यावर गिऱ्हाइकांची घासाघीस. पाणी नसलं की लोक बादल्या जास्त का घेतात, हे शरणप्पांना कधी उमगलं नाही. पण त्या साली त्यांनी बादल्या ढिगानं विकल्या. लातूर जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती.

शुक्रवारी पेठ बंद असायची. त्या दिवशी शरणप्पा पहाटेच कपाळाला विभूती लावायचे, दांडीची काळी सायकल काढायचे आणि गावाबाहेर पडायचे. कुठं जायचं असं काही नव्हतं. जिथं कुणी बोलणार नाही अशा रस्त्यानं दोन-तीन तास सायकल चालवायची, एवढीच त्यांची हौस होती.

पण आपल्याकडं माणूस विनाकारण सायकल चालवतो, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. सुरुवातीला ते नांदेडच्या डांबरी रस्त्यानं जायचे. पुढच्या गावातला कुणीतरी हटकायचाच, "शरणप्पा, इकडं कुठं?" "कुठं नाही, असंच." मग तो हसायचा आणि म्हणायचा, "असंच तर असंच. तेवढी ही गुळाची ढेप आमच्या लेकीकडं पोचवा. तुमच्या वाटेवरच हाय." लेकीकडं पोचलं की लेक बापासाठी शेवग्याच्या शेंगा द्यायची. महिन्याभरात शरणप्पांच्या कॅरियरवर कधी औषधाची बाटली, कधी कुणाचा शिवलेला सदरा असायचा; एकदा तर फडफडणारी कोंबडी बांधलेली होती. लिंगायताच्या सायकलवर कोंबडी बघून त्यांच्या पत्नी गुरम्मा दारातच थबकल्या.

"अहो, हे काय?"

"मला विचारू नको," शरणप्पा म्हणाले. "मी फिरायला गेलो होतो."

त्यांनी डांबरी रस्ता सोडला. गावाच्या उत्तरेला बालाघाटाच्या रांगेतून एक गाडीवाट मन्याड नदीच्या खोऱ्यात उतरते, ती धरली. दोन्ही बाजूंना पळस, आपटा, सीताफळीची झुडपं, मध्येच एखादा वाळकट साग. दुष्काळानं जंगलाची पानं झडली होती, तरी सकाळी मोर ओरडायचे. उतारावर ब्रेक न लावता सायकल सोडून दिली की कानात फक्त वारा. खाली नदीचं कोरडं पात्र होतं. तिथल्या एका खडकावर बसून ते गुरम्मांनी दिलेली भाकरी खायचे आणि समोर बघत राहायचे. सात-आठ शुक्रवार असे गेले. घरी येऊन ते गुरम्मांवर एकदाही चिडले नाहीत, असं गुरम्मा पुढं सांगायच्या.

मग एका शुक्रवारी खडकाजवळ एक म्हातारा उभा होता. डोक्याला मुंडासं, हातात काठी.

"रामराम साहेब. मी किशनराव. ह्या वरच्या बोरदरीचा."

"मी साहेब नाही."

"हाव," किशनराव समजूतदारपणे म्हणाले. "बोअर कुठं पाडायचं ठरलं?"

झालं होतं असं की शरणप्पा उन्हासाठी एक जुनी गोल साहेबी टोपी घालायचे. असा टोपीवाला माणूस दर शुक्रवारी येतो, नदीच्या पात्राकडं टक लावून बसतो आणि कुणाशी न बोलता निघून जातो. बोरदरीनं विचार केला आणि ठरवलं, नव्या जिल्ह्याकडून पाणी बघायला माणूस लागला.

शरणप्पांनी सांगितलं की आपलं दुकान आहे. किशनराव म्हणाले, "मोठे लोक सांगत नसतेतच." शरणप्पा म्हणाले, आपण नुसते फिरायला येतो. किशनराव म्हणाले, "फिरल्याबिगर पाणी कसं सापडंल?" शेवटी शरणप्पा वैतागून गप्प बसले, आणि त्यांचं गप्प बसणं म्हणजे होकार समजला गेला.

पुढच्या वेळी वाटेवरचे काटे झाडून बाजूला केलेले होते. साहेबांची सायकल पंक्चर होऊ नये म्हणून. खाली किशनरावांची बायको कस्तुराबाई चहाचं पातेलं घेऊन बसली होती. शरणप्पांनी चहाचा कप तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. बाईनं तो कोणत्या पाण्याचा केला ते समोरच दिसत होतं. पात्रातल्या वाळूत खड्डा खणलेला होता, त्यात पाणी पाझरायचं आणि बायका ते वाटीवाटीनं घागरीत भरत होत्या. एक घागर भरायला सकाळ जायची.

"मला चहा नको," ते म्हणाले.

"साखर कमी पडली का?" कस्तुराबाईनं विचारलं.

ते घरी आले ते तणतणतच. गुरम्मा म्हणाल्या, "मग नका जाऊ तिकडं."

"का नको जाऊ? रस्ता काय त्यांचा आहे? मला तो एकच रस्ता सापडलाय."

आणि ते जात राहिले. दर शुक्रवारी चहा, दर शुक्रवारी तोच प्रश्न. टोपी घरी ठेवून गेले, तर किशनराव म्हणाले, "साहेब, आज साध्या वेषात?"

हे उलगडलं ते आपोआप. एका बाजाराच्या दिवशी कस्तुराबाई बादली घ्यायला पेठेत आली. दुकानात शिरली आणि तराजूत खिळे टाकणाऱ्या शरणप्पांकडं बघतच राहिली. शरणप्पांना आधी सुटल्यासारखं वाटलं.

"बघा बाई, मी म्हणत होतो ना? हे माझं दुकान."

"म्हंजी तुमी पाण्याचे साहेब न्हाई?"

"नाही."

"मंग दर शुक्रवारी कशाला येता?"

"सांगितलं की. असंच. शांत वाटतं म्हणून."

कस्तुराबाईनं हातातली बादली खाली ठेवली. ती काही मोठ्यानं बोलली नाही. "आमी तिथं वाटीनं पाणी भरून राहिलो, आन् तुमी शांत वाटतं म्हणून बघत बसता व्हय?"

बादली न घेताच ती निघून गेली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघंही एकदम बिजागऱ्या बघायला लागली.

शरणप्पांना तिचा भयंकर राग आला. आपण एक शब्द खोटं बोललो नव्हतो. चहा मागितला नव्हता, काटे काढा म्हटलं नव्हतं. दोन दिवस ते हेच गुरम्मांना ऐकवत होते. तिसऱ्या दिवशी गुरम्मा म्हणाल्या, "तुमचं सगळं बरोबर आहे. पण माझ्या डोक्याचा भुगा करण्यापेक्षा लातूरला जाऊन या एकदा."

शरणप्पांनी दुकान बंद ठेवलं आणि बोरदरीच्या बोअरसाठी एसटीनं लातूर गाठलं. एका कचेरीत सांगितलं की त्या गावाचे जुने कागद अजून उस्मानाबादेहून यायचेत. दुसऱ्या खेपेला कळलं, की बोरदरीतल्या ओढ्याच्या अलीकडची घरं लातुरात आणि पलीकडची नांदेडात मोडतात. तेव्हा आधी नांदेडला विचारा. नांदेडात त्यांना परत लातूरला पाठवलं. शरणप्पा स्वभावानं भांडखोर नव्हते, पण घासाघीस ऐकण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. चौथ्या खेपेला ते टेबलासमोरच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "माझं काही काम नाही. मी असाच बसतो." दुपारी बसले, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. त्यांच्या तिथं बसण्याचा त्या माणसांना एवढा वैताग आला, की कागद हलला.

उन्हाळ्याच्या तोंडावर बोअरची गाडी बोरदरीला गेली. पहिल्या जागी नुसती धूळ निघाली. दुसऱ्या जागी पाणी लागलं. फार नाही, पण हापसा बसवण्याइतकं. किशनराव स्वतः दुकानात निरोप घेऊन आले. कस्तुराबाई सोबत होती. ती पाया वगैरे पडली नाही. म्हणाली, "ती बादली द्या, त्या दिवशीची," आणि पैसे देऊन बादली घेऊन गेली.

इथं सगळं गोड व्हायला पाहिजे होतं. पण बोअरची अवजड गाडी नेण्यासाठी घाटातली वाट रुंद केली होती. रुंद झाली म्हणून पुढच्या साली त्यावर मुरूम पडला. मुरूम पडला म्हणून जीपगाड्या सुरू झाल्या. आत दहा, टपावर पाच आणि वळणावळणाला भोंगा. मोर कुठं गेले कळलं नाही. उतारावर सायकल सोडून द्यायची सोय राहिली नाही. त्यात बोरदरीची माणसं जीपमधून हात बाहेर काढून "अप्पा, या की, बसा" म्हणून गाडी थांबवायची, मग सगळ्यांची विचारपूस करावी लागायची. बाजाराच्या दिवशी तीच माणसं दुकानात येऊन पाणी प्यायला बसायची आणि तासभर उठायची नाहीत.

"तुमीच तर आणला रस्ता," किशनराव कौतुकानं म्हणायचे. शरणप्पा खिळे मोजत राहायचे.

पुढं त्यांची मुलगी नीला इस्लापूरला दिली. तिकडं किनवटचं दाट सागवान आणि पैनगंगेचं खोरं. दिवाळीनंतर शरणप्पांनी सायकल एसटीच्या टपावर टाकली आणि इस्लापूरला उतरले. दुसऱ्या दिवशी एकटेच जंगलात शिरले. खरोखर रस्ता असा होता की मनुष्य दिसेना. सागाची ताटाएवढी पानं वाटेवर पडलेली, खाली नदीचा आवाज. ते नदीच्या कडेनं पुष्कळ आत गेले आणि मागचं चाक बसलं.

पंप घरी राहिला होता. पाण्याची बाटली केव्हाच संपली होती, आणि नदी खोल दरीत होती, उतरायला वाट नव्हती. शरणप्पा सायकल ढकलत निघाले. एखादा गुराखी भेटेल, एखादी बैलगाडी येईल म्हणून वळणावर थांबून ऐकायचे. कुणी आलं नाही. सावल्या लांबल्या तसे ते जंगलावर, नदीवर आणि किनवट तालुक्यावर चिडत गेले. एक माणूस नसावा इतक्या मोठ्या रानात?

दिवस बुडता बुडता ते लेकीच्या घरी पोचले. नीलानं तांब्या हातात दिला. ते दोन तांबे पाणी प्यायले.

"अप्पा, कसा होता रस्ता?" तिनं विचारलं.

"फार चांगला," शरणप्पा त्रासिकपणे म्हणाले, आणि जावयाला विचारलं, "उद्या तुम्हाला सुट्टी आहे का?"