रसिकाची काठी

आमच्या शेजारच्या रसिकाला कोणी विचारलं, "काय होता गो तुका?" तर ती आता काही सांगत नाही. पूर्वी सांगायची. मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंचा आजार, त्याने अंगातला जोरच संपतो, असं अगदी समजावून सांगायची. समोरची बाई सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मी पण भारी दमतंय गो हल्ली."

ती लग्न होऊन वालावलहून आमच्या वाडीत आली तेव्हापासून मी तिला बघते आहे. आमच्या दोन घरांच्या मधे एक कमरेएवढा दगडांचा गडगा आहे आणि माझे, म्हणजे या सुभद्राकाकीचे, डोळे अजून शाबूत आहेत. पोरगी कामाला वाघ होती. नवरा सर्वेश मालवणच्या बाजारातल्या दुकानात असायचा, आणि ही घर सांभाळून सुट्टीत येणाऱ्या पर्यटकांना जेवण करून घालायची. सासू म्हणजे माई तेव्हा गावभर सुनेचे गोडवे गात फिरायच्या.

मग एके वर्षी तिला एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं, हात बधिर झाला. गोव्याला नेलं, एमआरआय काढला, इंजेक्शनं सुरू झाली. माईंना आजाराचं "एमएस" हे नाव म्हणजे पोरं करतात तो कम्प्युटरचा कोर्स वाटला होता, ते राहू दे. डोळा सुधारला, हातही सुधारला. दमणूक मात्र गेली नाही, आणि सगळा घोळ तिथेच झाला. डॉक्टरांनी सर्वेशला नीट सांगितलं होतं की मिक्सरच्या वायरवरचं रबर उंदराने कुरतडावं तसं हे आहे, मिक्सर चालतो, पण कधी बंद पडेल याचा नेम नाही. उकाड्यात जास्त त्रास होणार. दमायच्या आधीच बसायचं, दमल्यावर बसून उपयोग नाही. सर्वेशने मान डोलावली. घरी येऊन त्याने ते कोणाला सांगितलं नाही, कारण आईसमोर बायकोची बाजू घेणारी माणसं वेगळीच असतात.

रसिकाने आपल्यापुरता मार्ग काढला. उन्हं तापायच्या आत जेवण उरकायचं. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवून बसूनच फोडणी घालायची. मानेवर ओला टॉवेल. धुणं आणि बाजार एका दिवशी नाही. दुपारी दार लोटून आडवं व्हायचं, झोप आली नाही तरी.

"काकी, माझा अंग म्हणजे चैतातली बाव," ती मला एकदा म्हणाली. "सकाळी चार कळशे काढले की संपला. मगे पाणी येयसर वाट बघूची."

विहिरीला पाणी नसलं तर कोणी विहिरीला आळशी म्हणत नाही. माई सुनेला म्हणायच्या. अगदी तोंडावर नाही, गडग्याशी येऊन मला ऐकू येईल अशा आवाजात. स्टुलावर बसून स्वयंपाक करणारी बाई त्यांनी जन्मात बघितली नव्हती.

आता मी सांगते ती गोष्ट गेल्या वर्षीच्या चतुर्थीची. आमच्याकडे गणपतीत घर कसं भरतं ते सांगायला नको. मुंबईची मंडळी आली. सर्वेशची वहिनी शर्मिला डोंबिवलीहून आली, दोन बॅगा आणि सल्ल्यांचं एक पोतं घेऊन. गौरीच्या दिवशी वड्यांचा घाट असतो. रसिकाने आदल्या दिवशीच सांगून टाकलं, "माका उद्या वडे थापूक जमाचा नाय." आणि खरोखरच ती सकाळभर खोलीत पंख्याखाली पडून राहिली. शर्मिलाने वडे थापले. प्रत्येक वड्यागणिक एक शेरा मारला.

तिसऱ्या प्रहरी घरापुढच्या खळ्यात बायका जमल्या, फुगड्या सुरू झाल्या. रसिका बाहेर आली. लुगडं नेसलेली, केसांत अबोलीचा वळेसर. माहेरी ती फुगडीसाठीच माहीत होती, आमच्या वाडीतही तिचा हात धरायला बायका भांडायच्या. तिने वाडीतल्या सुगंधाला बोलावलं, हातांची कैची केली आणि अशी फुगडी घातली की म्हाताऱ्यासुद्धा उठून उभ्या राहिल्या. एकच. मग हसत हसत आत गेली.

मी तिच्या मागोमाग गेले, म्हणून पुढचं मला माहीत आहे. ती खाटेवर पडली होती आणि तिला चहाचा कप उचलवत नव्हता. मी कप तोंडाला लावला.

"कित्याक घातलंस गो?" मी विचारलं.

"दोन दिस काय एक केलंय नाय, ह्याच्यासाठीच," ती म्हणाली. जीभही जड झाली होती. "वर्सातसून एक फुगडी, काकी. तेवड्या वेळात मी आजारी नसतंय."

मला रडू आलं, आणि मी काही रडूबाई नाही.

पण खळ्यातल्या लोकांनी चहाचा कप कुठे बघितला? त्यांनी फुगडी बघितली. शर्मिलाने तर मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "आमच्या आजारी जाऊबाई", आणि पुढे हसून डोळ्यांतून पाणी आलेले चेहरे. उचलली जीभ लावली टाळ्याला, हल्ली बोट उचलायचं एवढंच. माईंनी तो व्हिडिओ आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवला. "फुगडी घालूक जमता, वडे थापूक तेवडी दमता." पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. दमणुकीचं तरी कुठे आणता येतं? पण हे त्यांना कोण सांगणार. मी सांगितलं, तर म्हणाल्या, तू तिची वकील काय?

सगळ्यांचं रसिकाने सोसलं असतं. पण मंडळी मुंबईला परतल्यावर एके दिवशी सर्वेशने तो मोबाइल तिच्यापुढे धरला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मगे ह्या कसा जमला तुका?"

हे तिने मला गडग्यापाशी उभं राहून सांगितलं. स्टूल तेव्हाच ओट्यापासून हललं. ती उभ्याने काम करायला लागली, भर दुपारीसुद्धा, आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा डोळ्यावर आलं. परत गोवा, परत सलाईन.

त्या फेरीतून ती घरी आली ती हातात काठी घेऊन. ॲल्युमिनियमची, रबरी बूच असलेली, औषधांच्या दुकानात मिळते तशी. मी घाबरले. पाय गेले की काय पोरीचे?

"पाय बरे आसत," ती म्हणाली. "डॉक्टरनी नाय दिल्यान. मीच घेतलंय. दमणूक कोणाक दिसना नाय, काठी दिसता."

आणि दिसलीच. एसटीत बाप्ये उठून जागा द्यायला लागले. माईंनी स्वतः स्टूल ओट्यापाशी आणून ठेवलं. शर्मिलाचा फोन आला, "बिचारीला जपा हो." दुपारी रसिका झोपली की माई दारातल्या पोरांना गप्प बसवायच्या. जे डॉक्टरांनी सांगून झालं नव्हतं, एमआरआयने झालं नव्हतं, ते एका दांड्याने केलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला, अजून येतो.

यंदाच्या चतुर्थीला गौरीच्या दिवशी रसिकाला खळ्यात खुर्ची मांडून दिली होती, मागे उशी. काठी मांडीवर आडवी. पावसाने हवा थंड होती. फुगड्या रंगल्या तशी सुगंधा तिच्यापुढे येऊन हात पसरून उभी राहिली. रसिकाने हात पुढे केला नाही. मी तिच्या कानाशी वाकले.

"जमाचा नाय काय गो?"

"आज बरा वाटता, काकी. एक फुगडी होयत."

"मगे ऊठ."

"उठलंय तर उद्यापासून माका बसाक कोण देतलो?"

सुगंधाने दुसरीचे हात धरले. रसिका टाळ्या वाजवत बसून राहिली, आणि माई मुंबईच्या बायकांना सांगत होत्या, "बिचारीक उठाक जमना नाय."