एका बोटाची कालवड

मॅटी कॅफ्री बोली वाढवताना फक्त डावी भुवई उचलतो. लिंच भावांपैकी थोरला काठी रिंगणाच्या कठड्यावर टेकवतो. धाकटा आधी थोरल्याकडे बघतो, मगच खोकतो. टेकडीवरचे म्हातारे माइल्स दर मंगळवारी बघ्यांच्या पहिल्या पायरीवर बसतात, प्रत्येक जनावराला मान डोलावतात आणि काहीही घेत नाहीत. त्यांची मान बोलीत धरायची नसते. विधवा नोरीन बर्क स्वतःचं जनावर रिंगणात आलं की डोळे गच्च मिटते. आणि मॅटीचं आणखी एक. त्याचं च्युइंगम चघळणं एरवी अखंड चालू असतं. जनावर मनातून हवं असलं की जबडा थांबतो.

हे सगळं सोरखा मॅनियन गुरांच्या बाजाराच्या फाटकातच एका दमात सांगत होती. डर्व्हला ऐकत होती आणि तिच्या बुटांकडे बघत होती. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या विद्यापीठात दोघी शेजारी बसत. सोरखा कवितेतल्या विरामांवर प्रबंध लिहीत होती. ही प्राध्यापक होणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आता तिचे बूट शेणाने माखले होते आणि ते तिच्या गावीही नव्हतं.

"तू इथे नक्की करतेस काय गं?"

"आज? आज गुरं विकतेय."

उन्हाळ्यात चार पैसे मिळवायला ती घरी आली होती. गुरांच्या पाठीवर नंबर चिकटवायचं काम. एका मंगळवारी लिलाव पुकारणारे पॅकी टियरनी यांचा घसा मध्येच बसला. रिंगणात बैल उभा, लोक ताटकळलेले. पॅकींनी समोर दिसली तिच्या हातात माइक दिला. संध्याकाळपर्यंत तो तिने सोडलाच नाही.

"आणि प्रबंध?"

"शेवटचं प्रकरण राहिलंय."

"पुस्तकं कुठायत? ग्रंथालयातून मला फोन येतायत, तुला नाही."

"जीपमध्ये. तीन खोकी. पण अजून हलवू नकोस." सोरखाने कानाची पाळी ओढली. तिची जुनी सवय. "पॅकी निवृत्त व्हायचं म्हणतायत. माझं जमतं का ते आज बघणार. जमलं तर खोकी तू घेऊन जा. नाही जमलं, तर खोक्यांबरोबर मीही येते."

डर्व्हला हसली. आज हिचं फसावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. मैत्रीण परत हवी होती, दुसरं काही नाही.

सोरखा आत गेली. डर्व्हला कँटीनमध्ये चहाच्या रांगेत अडकली. भिंतीवरच्या भोंग्यातून सोरखाचा आवाज येत होता. आकडे, मध्येच चिमटे, पुन्हा आकडे. "लिंचसाहेब, भावाकडे काय बघताय, तो काही विकायला नाहीये!" कँटीनमधल्या बायकाही हसल्या. हा आवाज डर्व्हलाच्या ओळखीचा नव्हता. वर्गात सोरखा शेवटच्या बाकावरून पुटपुटायची.

ती चहाचा मग हातात घेऊन रिंगणाच्या दारात आली, तेव्हा नोरीनची कालवड फिरत होती. तांबूस अंग, पांढरं तोंड. वर काचेच्या खोलीत सोरखा, तिच्यामागे पॅकी. नोरीनचे डोळे मिटलेले.

"बाराशे! मॅटीचे बाराशे! पुढे कोण? कालवड विकायचीच आहे, मालकीणबाईंनी सांगितलंय!"

सोरखाची नजर दाराकडे वळली. डर्व्हलाने मगावरचं एक बोट वर केलं. त्यांच्या भागात रस्त्यात कुणीही भेटलं तरी स्टिअरिंगवरून असंच एक बोट उचलतात. ओळख असो, नसो. बोट आपोआप उठतं.

"साडेबाराशे, दारात! एकवार, दोनवार…"

हातोडा पडला.

"विकली!" म्हणताना सोरखाला दिसलं, दारात कोण उभं आहे ते.

पायऱ्यांवर हास्याचा स्फोट झाला.

"अहो बाई, गाडीच्या डिकीत मावेल का?"

"पुढच्या सीटवर बसवा की! पट्टा लावा म्हणजे झालं!"

डर्व्हलाकडे भाड्याची एक खोली होती, तिसऱ्या मजल्यावर. तिने मग खाली ठेवला आणि दोन्ही हात खिशात कोंबले.

पॅकी जागचे हलले नाहीत. त्यांनी मदतही केली नाही.

सोरखाचा चेहरा लाल झाला. पण माइक तिने खाली ठेवला नाही. "चूक माझी. ती माझी मैत्रीण आहे. तिने बोट वर केलं ते मला नमस्कार म्हणून, कालवडीसाठी नाही. मॅटी, तुमचे बाराशे होते. तिथूनच पुढे जाऊ."

मॅटी कठड्यावर रेलला. "हातोडा पडला की माझी बोली मेली, प्रोफेसरीणबाई. आता नव्याने. हजार."

नोरीनने डोळे उघडले. दोनशेचा फटका बसणार होता तिला. पायऱ्यांवरचं हसू विरलं. पोरीने घोळ केला आणि भुर्दंड विधवेला, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

डर्व्हलाने मॅटीकडे पाहिलं. त्याचा जबडा थांबला होता.

सोरखाही तिकडेच बघत होती.

"बाराशे," ती म्हणाली. आणि गप्प झाली.

पुकारणारा असा गप्प बसत नसतो. भोंग्यातून नुसती घरघर येत होती. कालवडीने एक फेरी घातली, भुसा हुंगला. कुणीतरी खाकरलं. माइल्सनी मान डोलावली, पण कुणी हसलं नाही. कालवड दुसऱ्या फेरीला लागली. आता ही बोलेल, आता बोलेल, असं डर्व्हलाला वाटत राहिलं. सोरखा बोलली नाही.

मॅटीची डावी भुवई वर गेली.

"बाराशे! एकवार, दोनवार, तीनवार!"

या वेळी हातोडा पडला तेव्हा माइल्सनी टाळ्या वाजवल्या.

खाली नोरीनने तळहातावर थुंकून मॅटीशी हात मिळवला आणि रिवाजाप्रमाणे शकुनाची एक नोट त्याला परत दिली. मॅटीने ती टोपीत खोचली आणि काचेकडे बघून ओरडला, "बोलून लुटणारे लई बघितले! गप्प बसून लुटणारी ही पहिलीच!"

जेवणाच्या सुट्टीत पॅकींनी आपली पेपरमिंटची डबी सोरखापुढे सरकवली. "घसा सांभाळ पोरी. पुढच्या मंगळवारी मी खाली माइल्सशेजारी बसणार."

"आणि ती बोटाची चूक?"

"मी एकदा फादरना मेंढा विकलाय. नाक शिंकरत होते बिचारे."

दोघी जीपकडे गेल्या. खाद्याच्या पोत्यांखालून सोरखाने खोकी ओढून काढली.

"म्हणजे येत नाहीस," डर्व्हला म्हणाली.

"मंगळवार सोडून कधीही बोलाव. येते."

"प्रबंधातला विराम तू गुरांवर खर्च केलास, कळतंय ना तुला?"

"मॅटीवर. गुरांनी काय केलंय?"

डर्व्हलाला हसू आवरेना. पहिलं खोकं तिच्या गाडीत चढलं. दुसरंही. तिसरं दोघींनी मिळून उचललं, आणि भोंगा कडाडला, "सोरखा! वासरं आली गं! कुठे उलथलीस?"

"धर जरा… नको, ठेव खाली. आलेच मी!"

ती पळाली. शेणाने माखलेले बूट फाटकाआड दिसेनासे झाले आणि लगेच भोंग्यातून तिचे आकडे सुरू झाले.

नोरीनची कालवड मॅटीच्या गाडीकडे चालली होती. वाटेत ती थांबली, खडीवरच्या खोक्याशी वाकली आणि वरच्या पुस्तकाचा कोपरा चाटू लागली.