काकूंनी सुचवलेली कादंबरी

नेदरलँड्समधल्या लायडनच्या हॉस्पिटलमध्ये मी केमोसाठी जायचे, तेव्हा शेजारच्या खुर्चीत बऱ्याचदा एक मराठी काकू असायच्या. जवळच्याच नीउ-व्हेनेप गावात त्या आपल्या मुलीकडे राहायच्या. नाव मी कधी विचारलंच नाही. एका हाताला सुई टोचून झाली की दुसऱ्या हाताने डोक्यावरचा रुमाल नीट करायच्या आणि म्हणायच्या, "मग, काय वाचतेस सध्या?"

एकदा मी म्हटलं, "काकू, काहीतरी हलकंफुलकं सुचवा ना."

"छे गं! विनोदी वाचलं की सगळं जग मजेत आहे आणि आपणच तेवढे इथे अडकलोय असं वाटतं. दुःखाचं वाच. सोबत होते."

त्यांनी एक जाडजूड कादंबरी सुचवली. तिच्यात आजारी आई परदेशातल्या मुलाची वाट पाहत असते. मुलगा पोचतो, पण तोवर आई गेलेली असते. वाचून मी खूप रडले.

पुढे भेटल्या तेव्हा काकू फार खंगल्या होत्या. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्याहून यायचा होता आणि व्हिसा अडकला होता.

"त्या कादंबरीचा शेवट काय होता गं? विसरलेच मी."

"मुलगा वेळेवर पोचतो," मी म्हणाले.

काकू माझा हात थोपटून म्हणाल्या, "हो, तसंच आहे."

पुढच्या खेपेला त्या खुर्चीत एक डच आजोबा होते. नर्सला काही विचारायचा मला धीर झाला नाही. काकूंचा मुलगा पोचला की नाही, मला अजून ठाऊक नाही.