सात दहाचे दाणे

अर्जदाराचे वर्णन खालीलप्रमाणे. वय एकोणसत्तर. उंची बेताची, बांधा बेताचा, नजर चष्म्यासह चांगली. व्यवसाय: सेवानिवृत्त टाइमकीपर, पत्र्याचे डबे तयार करणारा कारखाना, सलग चौतीस वर्षे. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर लाल शाईचा न जाणारा डाग. व्यसने: निरंक. पूर्वीच्या तक्रारी: निरंक. वैवाहिक स्थिती: विवाहित, पत्नी हयात. तक्रारीचा विषय: शेजारणीचे मांजर. तक्रारीचा प्रकार: कुत्रे, डुकरे, ध्वनिक्षेपक व सांडपाणी यांपैकी कोणताही नसल्याने 'इतर'.

हे वर्णन नगरपालिकेच्या फायलीत आहे आणि त्यात एकही चूक नाही. टाइमकीपरने स्वतः भरलेल्या कागदात चूक सापडणं शक्यच नव्हतं. चौतीस वर्षं तो कारखान्याच्या फाटकाशी, काचेच्या खोपट्यात बसून आत येणाऱ्यांची वेळ नोंदवत होता. कामगार आपापलं कार्ड हजेरीच्या घड्याळात सरकवायचे, दांडा ओढायचे, खट्‌ असा आवाज व्हायचा आणि वेळ छापली जायची. उशीर झालेल्या वेळेखाली लाल शाईची रेघ मारणं हे टाइमकीपरचं काम. एकदा तो स्वतः चार मिनिटं उशिरा आला, तेव्हा त्याने स्वतःच्या कार्डावर रेघ मारली आणि मग आठवडाभर कुणाशी बोलला नाही. त्याला मूलबाळ झालं नाही. यावर फाटकातले लोक जे विनोद करायचे त्यांत वेळेचा उल्लेख असायचा. ते इथे देण्यासारखे नाहीत.

तो निवृत्त झाला त्याच महिन्यात कारखान्याने बोटांचे ठसे ओळखणारं यंत्र आणलं. जुनं घड्याळ भंगारात टाकायला माणूस मिळेना, म्हणून ते निरोपाची भेट म्हणून टाइमकीपरला दिलं, सोबत कोऱ्या कार्डांचा खोका. त्याने ते स्वयंपाकघरात, मागच्या दाराशेजारी बसवलं. बायको म्हणाली, "आता मी पण कार्ड लावू का पोळी लाटायच्या आधी?" ती बोलकी बाई होती. घरातलं सगळं बोलणं तीच करायची, हा 'हं' म्हणायचा. दोघांचं छान चाललं होतं.

मग गेल्या वर्षी एका सकाळी तिचा उजवा हात गेला, आणि त्याबरोबर बोलणं.

त्यांचं घर बैठ्या घरांच्या रांगेतलं. मागे प्रत्येकाला चटईएवढी बाग आणि मध्ये कमरेएवढं झुडपांचं कुंपण. कुंपणापलीकडे नर्सबाई राहायच्या, सरकारी इस्पितळातून निवृत्त, एकट्या. बायको इस्पितळातून घरी आली त्या दिवशी नर्सबाई न बोलावता आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बाहेर बसा. तुमच्याने व्हायचं नाही हे." त्या दिवसापासून रोज दुपारी त्या येऊन वहिनींचा हात चोळायच्या, बोटं एकेक करून उघडायच्या, मिटायच्या. हात थोडा हलू लागला. तोंडातून मात्र शब्द येईना. डॉक्टरांनी सांगितलं की येईल किंवा येणार नाही. डॉक्टर अनुभवी होते.

चार महिन्यांनी टाइमकीपर मागच्या बागेत दाणे टाकत होता. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी तिला खिडकीपाशी खुर्चीत बसवायचं, सात दहाला तिच्या समोर पत्र्याच्या ताटलीत दाणे टाकायचे, हा त्याने घालून घेतलेला क्रम. चिमण्या यायच्या. त्या सकाळी पहिली चिमणी ताटलीवर उतरली आणि खिडकीतून आवाज आला, "आली."

तो तसाच उभा राहिला. मग आत गेला आणि त्या वेळेचं कार्ड छापून ठेवलं. सात अकरा.

पुढच्या दोन महिन्यांत आणखी शब्द आले. 'दोन' आला. 'खाते' आला. 'गेली' आला. एका सकाळी तो पाठमोरा असताना 'अहो' आला, आणि त्याने मागे वळून पाहिलं नाही, कारण वळल्यावर काय बोलायचं ते त्याला सुचेना. ती चिमण्या पाहूनच बोलायची. भिंतीवरची चित्रं दाखवली, फोटो दाखवले, नर्सबाईंनी चमचा दाखवून 'च, च' केलं, काही नाही. डॉक्टर म्हणाले, "जिथे बोलतात तिथे बसवा." एवढं साधं होतं.

नर्सबाईंचं मांजर करड्या रंगाचं, पोट पांढरं, चाल सावकाश. ते रांगेतल्या सगळ्या बागांमधून फेरी मारायचं, प्रत्येक कुंडी तपासायचं आणि नापसंती दाखवून पुढे जायचं. म्हणून बाईंनी त्याचं नाव मेट्रन ठेवलं होतं. मेट्रनने पहिली चिमणी धरली ती दाण्याच्या ताटलीवरच. दुसरी चार दिवसांनी.

टाइमकीपर कुंपणापाशी गेला. "तुमच्या मांजराने चिमणी मारली."

"अगं बाई! कुठंय ती?"

"चिमणी?"

"मेट्रन. पीस घशात अडकतं हो."

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न शहाणीसुरती माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना विचारत आली आहेत. नर्सबाईंनी ती पाच मिनिटांत बांधली. मेट्रन दोन दिवस घंटा वाजवत हिंडली, तिसऱ्या दिवशी न वाजवता हिंडायला शिकली. घंटेने पक्षी वाचत नाहीत, ही गोष्ट त्या म्हणीत कुणी घातलेली नाही.

"घरात ठेवा तिला," टाइमकीपर म्हणाला. "सकाळचे दोन तास."

"कोंडून?" नर्सबाई म्हणाल्या. "भाऊजी, माझा जन्म गेला माणसं कॉटला बांधलेली बघण्यात. आता दाराला कडी लावून कुणाचं ओरडणं नाही ऐकायचं मला."

त्याने घरी जाऊन कोऱ्या कार्डांचा खोका उघडला. त्याने एका कार्डावर वर नाव लिहिलं: मेट्रन. मांजर कुंपणातून बाहेर आलं की दांडा ओढायचा, परत गेलं की ओढायचा. चिमणी गेली त्या वेळेखाली लाल रेघ. महिन्याभरात सात कार्डं भरली. पुरावा म्हणून त्याहून स्वच्छ काही असू शकत नाही, अशी त्याची खात्री होती. ती कार्डं घेऊन तो शेजारी गेला आणि टेबलावर मांडली.

नर्सबाईंनी चष्मा लावला. त्यांना तापाचे तक्ते वाचायची सवय होती. आकड्यांची रांग पाहिली की आजार कुठे आहे ते त्या बोट ठेवून सांगायच्या. त्यांनी बोट ठेवलं. "सात आठ. सात आठ. सात सात. सात आठ. आणि दाणे तुम्ही किती वाजता टाकता?"

"सात दहा."

"रोज?"

"रोज म्हणजे? रोजच."

नर्सबाईंनी चष्मा काढला. "अहो, तुम्ही मेट्रनला जेवायची वेळ लावून दिलीत. ताट एकाच जागी, वेळ एकच. मी इस्पितळात रोग्यांना एवढं वेळेवर नाही वाढलं कधी."

टाइमकीपरने कार्डं उचलली. त्याने ती मोजली, हातात सारखी केली, पुन्हा टेबलावर ठेवली आणि पुन्हा उचलली. आरोपीचा वक्तशीरपणा सिद्ध करताना त्याने स्वतःचाच सिद्ध केला होता.

"मग काय करू?"

"वेळ बदला. कधी आठ, कधी सहा. मनाला येईल तेव्हा."

त्याच्या मनाला कधीच काही आलेलं नव्हतं. घरी येऊन त्याने पट्टी घेतली आणि अनियमितपणाचं वेळापत्रक आखलं. सोमवारी सात दहा, मंगळवारी नऊ पंचवीस, बुधवारी सहा चाळीस, असं रविवारपर्यंत. ताटलीच्या जागाही तीन, आळीपाळीने. सुवाच्य अक्षरात लिहून दारामागे चिकटवलं. बायकोलाही त्याबरहुकूम खिडकीशी बसवायचं. बुधवारी ती पेंगायची. मंगळवारी खिडकीत ऊन यायचं आणि तिला दिसायचं नाही. तरी तिने त्या दिवसांत 'तीन' म्हटलं, आणि तीनच होत्या.

मेट्रनला वेळापत्रक पाठ व्हायला एकोणीस दिवस लागले. कारखान्यात नवी पाळी अंगवळणी पडायला माणसांना महिना लागायचा.

"वेळापत्रक करून कुणी बेशिस्त होतं का हो?" नर्सबाई दारामागचा कागद वाचून म्हणाल्या. त्या हसल्या, आणि खुर्चीतली बायकोही एका बाजूने हसली. त्या घरात सगळे मिळून हसल्याची ती शेवटची वेळ.

विसाव्या दिवशी शनिवार होता, वेळ आठ पाच, ताटली खिडकीच्या थेट खाली. चिमणी उतरली. बायको म्हणाली, "आली." झुडपातून मेट्रन आली. ताटली उलटली. खिडकीच्या काचेपासून हातभर अंतरावर मेट्रनने चिमणीची मान धरली आणि एकदाच झटकली. टाइमकीपर दाराशी दाण्यांचा डबा हातात घेऊन उभा होता. त्याने डबा फेकून मारला. तो कुंपणाला लागला.

तो आत गेला. बायकोचं तोंड उघडं होतं, शब्द ओठापर्यंत आलेला दिसत होता. तो खुर्चीशेजारी बसला आणि वाट पाहू लागला. ही गोष्ट त्याला जमायची. आयुष्यभर तो लोकांची वाट पाहत बसला होता. साडेनऊ वाजता तिने तोंड मिटलं.

रविवारी 'आली' नाही. पुढचे आठ दिवस नाही. चिमण्या अजून येत होत्या, एकदोन, बिचकत. ती त्यांच्याकडे बघायची नाही. नजर कुंपणाच्या झुडपावर.

नवव्या दिवशी टाइमकीपर नगरपालिकेत गेला.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला. "मांजर कुणाचं?"

"शेजारणीचं."

"पक्षी कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? पक्षी आहेत ते."

"म्हणजे तुमचे नाहीत. मग तुमचं काय गेलं, काका?"

अर्जात 'नुकसानीचे स्वरूप' असा रकाना होता. टाइमकीपरने त्यात लिहिलं होतं: पत्नीचे शब्द, एकूण सहा.

"हे चालत नाही," कारकून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. "वस्तू लिहा. कुंडी वगैरे काही फुटलं का?"

"नाही."

"फुटलं असतं तर बरं झालं असतं." त्याने थोडा विचार केला. "अर्जात दाण्यांचा डबा आहे ना? चेपला असेल."

"तो मी फेकला."

"मांजरामुळेच ना? लिहा. डबा एक, चेपलेला."

टाइमकीपरने मागचं खोडून तसं लिहिलं. डबा त्याच्याच कारखान्यातला होता.

नोटीस नर्सबाईंना पंधरा दिवसांनी मिळाली. पाळीव प्राणी मोकाट सोडून शेजाऱ्याच्या मालमत्तेस हानी पोहोचवल्याबद्दल खुलासा करावा. त्या नोटीस हातात घेऊन कुंपणाशी आल्या.

"डबा, भाऊजी?"

तो कुंपणाची वाळकी पानं खुडू लागला.

"तोंडाने सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं."

"मग पुन्हा सांगायचं! दहा वेळा सांगायचं! मी तुमच्या घरात रोज येते, वहिनींचा हात माझ्या हातात असतो, आणि तुम्ही मला टपालाने कळवता?"

"वहिनी बोलत नाहीत," तो म्हणाला. आपल्याच बायकोला तो वहिनी म्हणाला हे दोघांच्याही लक्षात आलं. दोघांनीही दुरुस्त केलं नाही.

नर्सबाई सरळ बाई. खुलासा वगैरे त्यांनी लिहिला नाही. त्याच आठवड्यात त्यांचा भाचा गाडी घेऊन आला आणि मेट्रनला टोपलीत घालून तीन तासांच्या अंतरावरच्या आपल्या घरी घेऊन गेला. टोपलीतून ओरडण्याचा आवाज रांगेच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. त्या दुपारी नर्सबाई हात चोळायला आल्या नाहीत. दुसऱ्या दुपारीही नाही. टाइमकीपर स्वतः चोळू लागला. रोज अर्धा तास, घड्याळ लावून. तिला दुखायचं, असं वाटतं. ती सांगत नव्हती.

मेट्रन गेल्यावर अकराव्या दिवशी रांगेत एक बोका आला. कान फाटलेला, रंग धड सांगता येणार नाही असा, मालक कुणी नाही. मेट्रन आपल्या फेऱ्यांमध्ये कुंड्या तपासत नव्हती, हद्द राखत होती, हे तेव्हा कळलं. जागा रिकामी झाली की कुणीतरी भरतं. कारखान्यातही तसंच होतं. बोक्याची वेळ अशी नव्हती. तो सकाळी होता, दुपारी होता, दिवे लागायच्या सुमाराला होता. टाइमकीपरने त्याचं एक कार्ड सुरू केलं आणि दोन दिवसांनी बंद केलं, कारण त्यातून काहीच निघेना. कुंपणाच्या सांदीत चिमण्यांची घरटी होती, ती पहिल्याच आठवड्यात खाली आली. नंतर ताटलीतले दाणे तसेच राहू लागले. ते भिजले, त्यांना कोंब फुटले. त्याने कोंबही उपटले नाहीत.

तो पुन्हा नगरपालिकेत गेला. कारकुनाने विचारलं, "मालक कोण?" मालक नाही म्हटल्यावर त्याने अर्ज परत दिला. मालक नसलेल्या मांजराला नोटीस बजावता येत नाही.

एकदा त्याने कुंपणावरून हाक मारली, "नर्सबाई." त्या दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी चादर झटकली, पसरली, आणि ती चादर मध्ये आली.

महिन्याअखेरीस पत्र आलं. अर्जदाराच्या तक्रारीस अनुसरून कळविण्यात येते की, संबंधित प्राणी मालकाने परिसरातून हलविला आहे. स्थळपाहणीत पक्ष्यांच्या मृत्यूची एकही नवीन घटना आढळून आलेली नाही. सबब तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले असून प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

टाइमकीपरने पत्र बायकोला वाचून दाखवलं, सावकाश, शब्द शब्द सुटा करून. तिने ऐकलं की नाही ते कळलं नाही.