भिजलेलं पोट
तळं आटताना येणारा चिखलाचा वास नाकात शिरला की मला वरवट बकालच्या पलीकडचा तो माळ आठवतो. वैशाखातली सकाळ होती. पाण्यावर येणारे भट तितर कोण जास्त पाडतो, अशी आम्हा चार मित्रांची छर्‍याच्या बंदुकांची शर्यत लागली होती. माझा पाचवा पक्षी पाण्यावरून उडाला आणि छर्रा लागून दूर कोरड्या मुरमावर पडला. "जिंकला बे तू!" एक मित्र ओरडला. मी पक्षी उचलला, तर त्याचं पोट चिंब होतं. माझ्या मनगटावरून पाणी ओघळलं. "हा एवढा कसा भिजला?" मेंढ्यांना पाणी पाजायला आलेला म्हातारा म्हणाला, "पिल्लाईले पानी नेऊन राह्यला होता थो. पोटाच्या पिसाईत भरून नेते. पिल्ले तेच चोखतेत." एवढंसं पाखरू कोसभर उन्हातून पाणी वाहून नेतं! मी विचारलं, "पिल्ले कुठी असतीन, बाबा?" त्यानं सगळ्या माळावरून नुसता हात फिरवला. दुपारपर्यंत मी दगडादगडाआड शोधलं. तोवर हातातली पिसं वाळून गेली. त्यानंतर बंदूक धरली नाही, अशा शर्यती कानावर आल्या की जाऊन मोडतो. पण आधीचे चार पक्षी मी न बघताच पोत्यात टाकले होते. त्यांतले किती ओले होते, ते मला आजही माहीत नाही.